मनुबाईंचं न ऐकणारा हस्की

मनुबाई पहिल्यांदा कुत्रं घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या, त्या त्याचा मोतीबिंदू काढून घ्यायला.

"डॉक्टर, ह्येचा एक डोळा गेलाय," त्या म्हणाल्या. "बगा, निळा पडलाय. आमच्या साईराजला कुनीतरी फशिवलंया. आंधळं कुत्रं गळ्यात मारलंया."

मी जनावरांचा डॉक्टर. विट्याच्या आसपासच्या गावांत माझं काम म्हणजे म्हशी, जर्सी गाई, शेळ्या आणि शर्यतीचे बैल. कुत्र्यांचा माझा संबंध यायचा तो कुणाला तरी चावली म्हणून. त्या दिवशी समोर उभं होतं ते करड्या-पांढऱ्या केसांचं, लांडग्याच्या तोंडाचं, शेपूट पाठीवर वळवलेलं दांडगं जनावर. एक डोळा तपकिरी, एक निळाशार. त्यानं पुढचे दोन्ही पाय माझ्या टेबलावर ठेवले आणि खिशातला रुमाल शांतपणे काढून घेतला. निळ्या डोळ्याच्या बाजूचा खिसा होता तो.

"काकी, डोळा शाबूत आहे," मी म्हणालो. "हस्की जातीत असं असतं. कुणाचे दोन्ही निळे, कुणाचा एकच. दिसतंय त्याला नीट."

"कानानं?"

मी त्याच्या मागे जाऊन चुटकी वाजवली. त्याने कान फिरवला.

"ऐकूही येतंय."

मनुबाईंनी कुत्र्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ह्येला दिसतंय, ऐकू येतंय, मग ह्यो माझं ऐकत का न्हाई?"

त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं. पण प्रश्नाचं वजन मला कळलं, कारण मनुबाईंचं न ऐकणारा प्राणी आमच्या गावात तोवर पैदा झाला नव्हता. त्यांचे मालक मानसिंगराव फौजेतून सुभेदार होऊन परतले. तिकडं लडाखात अख्ख्या तुकडीला हुकूम देणारा हा माणूस घरी चहाला बसला की साखर किती घ्यायची ते बायकोच्या चेहऱ्यावरून ठरवायचा. एसटीचा ड्रायव्हर मनुबाई दिसल्या की थांबा नसला तरी ब्रेक दाबायचा. मी स्वतः नाठाळ म्हशीला इंजेक्शन द्यायचं असलं की मनुबाईंना निरोप धाडतो. त्या येतात, म्हशीसमोर उभ्या राहून "थांब" म्हणतात आणि म्हैस थांबते. अशा बाईच्या दारात दिवाळीत हे कुत्रं आलं होतं.

आणलं ते त्यांच्या लेकानं, साईराजनं. आमच्याकडची निम्मी तरणी माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. साईराजचं गलाईचं दुकान पठाणकोटला. तिकडच्या थंडीत पोरांच्या हट्टापायी त्यानं हस्कीचं पिल्लू घेतलं. पुढं घर बदललं, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. कुत्रं घरात एकटं राहिलं की रडायचं, आणि त्याचं रडणं म्हणजे लांडग्यासारखं गळा काढून. शेजारी वैतागले. साईराजनं दिवाळीला गाडीत घालून त्याला गावी आणलं आणि आईला समजावलं, "आई, ही बर्फातली जात हाय. तिकडं ही कुत्री गाडी ओढत्यात."

"हितं बर्फ कुटं हाय?"

"थंडी हाय की."

"ती संक्रांतीपत्तूर. म्होरं?"

भाऊबीज झाली आणि साईराज त्या प्रश्नाचं उत्तर न देताच परत गेला. कुत्र्याचं नाव पोरांनी स्नोई ठेवलं होतं. मनुबाईंनी एकदा म्हणून बघितलं, तोंडाला बसेना. त्यांनी सोन्या केलं. सोनं गाळणाऱ्याच्या घरात ते शोभलंही.

थंडीचे दिवस सोन्याचे चांगले गेले, मनुबाईंचे गेले नाहीत. पहाटे त्याला फिरवायला न्यायच्या त्या. गळ्याला बैलाचा कासरा. सोन्या फाटकातून बाहेर पडला की सरळ पुढं ओढायचा, अंगातली सगळी ताकद लावून, जणू कुठंतरी पोहोचायचंच आहे. मनुबाई मागून पदर सावरत निम्म्या चालत, निम्म्या पळत. पारावर कानटोपी घालून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मनुबाई, कोन कुनाला फिरवतंय?" मनुबाईंना असा प्रश्न विचारायची हिंमत गावात कुणीतरी पहिल्यांदाच केली होती. त्यांना उत्तर द्यायचं होतं, पण तोवर सोन्यानं त्यांना पुढच्या वळणापर्यंत नेलं होतं.

मानसिंगराव म्हणाले, "मी नेतो की." मनुबाई म्हणाल्या, "तुमी ऱ्हावा."

त्या माझ्याकडं आल्या. गळ्याला फास बसतोय, कुत्रं घरघरतंय म्हणाल्या. मी मोबाइलवर थोडं वाचलं, थोडं पुण्यातल्या एका डॉक्टर मित्राला विचारलं, आणि सांगितलं की गळ्याऐवजी छातीवरून पट्टा घ्या. विट्यात बैलांचं सामान शिवणारा एक जण आहे, त्यानं मऊ निवारीचा बेताचा पट्टा शिवून दिला. त्यात माझी एक चूक झाली. गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना पट्टा बांधतात तो छातीलाच. पट्टा अंगावर चढला तसं सोन्याला वाटलं, आता खरं काम सुरू झालं. तो दुप्पट जोरानं ओढायला लागला. दोन दिवसांनी मनुबाई दवाखान्याच्या दारात उभ्या राहून माझ्याकडं नुसत्या बघत होत्या. मी कमरेला बांधायची दोरी सुचवली, तिच्यात मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे हिसका बसायचा नाही. त्यांनी ती बांधली. पहाटे कमरेला कुत्रं बांधून निघालेल्या मनुबाई बघायला लोक पारावर जरा लवकर जमू लागले.

मानसिंगरावांना वाटत होतं, कुत्रं राखण करेल. विहिरीवरच्या मोटारीची वायर आमच्याकडं चोरीला जाते, सगळेच त्या काळजीत असतात. एक दिवस भंगारवाला फाटक उघडून आत आला. सोन्या धावत गेला. मानसिंगरावांनी मिशीवरून हात फिरवला. सोन्या भंगारवाल्याच्या पायाशी पाठीवर लोळला आणि पोट वर करून पडून राहिला. भंगारवाल्यानं पोट खाजवलं, मग सोन्या त्याला फाटकापर्यंत पोहोचवायलाही गेला.

"ह्येच्यापरास माझी कोंबडी बरी," मनुबाई म्हणाल्या. "परक्याला टोचती तरी."

कोंबडीचं नाव त्यांनी काढायला नको होतं. परक्या माणसाशी इतका गोड असणारा सोन्या कोंबडी दिसली की दुसराच कुणीतरी व्हायचा. दोन कोंबड्या गेल्यावर उरलेल्यांना जाळीचा खुराडा बांधावा लागला आणि शेजारची मांजर स्वतःहून गल्ली बदलून गेली.

तो जवळजवळ भुंकतच नव्हता. साखर कारखान्याचा भोंगा वाजला की मान वर करून लांबलचक सूर लावायचा. आणि बोलायचा. मनुबाई रागावल्या की समोर बसून "ऊ-वू-वू" असं, चढ-उतारासह. त्या म्हणायच्या, "खाली उतर बाजेवरनं." तो म्हणायचा, "ऊ-वू." त्या म्हणायच्या, "उतर म्हनत्ये न्हवं?" तो मोठं वाक्य बोलायचा. चाळीस वर्षांच्या संसारात त्या घरात मनुबाईंना उलट उत्तर पहिल्यांदाच मिळत होतं. मानसिंगराव अशा वेळी उठून गोठ्यात जायचे. गोठ्यात त्यांना काय काम असायचं ते मला माहीत आहे, कारण एकदा मी तिथं गाय तपासत होतो. ते गव्हाणीला धरून, आवाज न करता हसत होते.

फाल्गुनात ऊन वाढलं आणि सोन्याचे केस झडायला लागले. झडायला लागले म्हणजे कापूस पिंजावा तसे पुंजके सुटू लागले. ओसरीवर, वाळवणावर, भाकरीच्या पिठात, दुधाच्या गाळणीत, मानसिंगरावांच्या ठेवणीतल्या फौजी कोटावर. मनुबाईंनी आठवडाभर झाडलं. मग त्यांना एक उपाय सुचला. माणदेशातला बिराप्पा दरवर्षी मेंढरं घेऊन आमच्याकडं रानात बसवायला येतो. त्याला निरोप गेला की कातर घेऊन ये.

बिराप्पा फाटकातून आत आला, त्यानं सोन्याला पाहिलं आणि पहिल्यांदा काठी उचलली.

"मनुबाय, ह्यो लांडगा हाय."

"कुत्रं हाय. काठी ठेव आन् ह्येची लोकर काढ."

बिराप्पाला पटलं नव्हतं, पण त्याला सांगत मनुबाई होत्या. त्यानं सोन्याला मेंढरासारखं आडवं पाडलं. सोन्याला वाटलं नवा पाहुणा खेळतोय. मनुबाईंनी मला फोन केला तो वेगळ्याच गोष्टीसाठी. "डॉक्टर, कातरल्यावर अंगाला काय लावावं? खोबरेल चालंल का?"

मी म्हणालो, "काय कातरल्यावर?" आणि उत्तर ऐकून गाडीला किक मारली.

मी पोहोचलो तोवर उजव्या कुशीवर मोठ्या भाकरीएवढा भाग मोकळा झाला होता. खाली गुलाबी कातडी दिसत होती. सोन्या पडल्या पडल्या अखंड बोलत होता.

"थांबा, थांबा. काकी, गोठ्याच्या पत्र्यावर उन्हाळ्यात तुम्ही उसाचं पाचट टाकता, ते कशाला?"

"आत ऊन लागू न्हाई म्हनून."

"मग ह्याच्या अंगावरचं पाचट कशाला काढताय? ह्याला दोन थर असतात. आतली लोकर उन्हाळ्यापुरती आपोआप झडते. वरचे लांब केस ऊन अडवतात. ते कापले तर कातडी भाजेल, आणि पुन्हा नीट येतील याची खात्री नाही. रोज विंचरा, बास."

बिराप्पानं कातर खाली ठेवली. "मला वाटलंच हुतं," तो म्हणाला. "मेंढरू एवढं बोलत न्हाई."

त्या संध्याकाळपासून मनुबाई सोन्याला विंचरायला बसल्या. लोखंडी दाताची फणी, पायात धरलेलं कुत्रं, आणि शेजारी वाढत जाणारा केसांचा ढीग. सोन्याला विंचरून घेणं मनापासून आवडायचं. त्या एकाच वेळी तो सांगितल्यावर बसायचा, म्हणून मनुबाई रोज आधी "बस" म्हणायच्या, आणि मग आजूबाजूला कुणी ऐकलं का ते बघायच्या. कातरलेल्या जागेवर त्यांनी जुन्या सुती लुगड्याची झूल शिवून बांधली. त्यामुळं सोन्या काही दिवस बेंदराला सजवलेल्या बैलासारखा दिसत होता.

आता शालूबाईंबद्दल सांगायला हवं. शालूबाई या मनुबाईंच्या धाकट्या जाऊबाई, मानसिंगरावांचे भाऊ दादासो यांची बायको. दोन्ही घरांच्या मधे एक जाळीचं कुंपण आणि त्यावर बोगनवेल. दोघी जावांचं बोलणं दहा-बारा वर्षं बंद होतं. कारण असं की शालूबाईंच्या लेकीच्या लग्नात मनुबाई चार बायकांत म्हणाल्या होत्या, "बासुंदी पातळ झालीया." त्यांच्या मते ती माहिती होती. शालूबाईंच्या मते ते लेकीच्या मांडवात नाक कापणं होतं. तेव्हापासून कुंपणाच्या दोन्ही बाजूंना शांतता. दोघे भाऊ मात्र विट्यात बाजाराच्या दिवशी एकाच हॉटेलात भेटायचे, मिसळ खायचे आणि वेगवेगळ्या एसटीनं घरी यायचे.

चैत्र लागला तसा सोन्याचा जीव उन्हानं कासावीस व्हायला लागला. तो गार जागा शोधत घरभर फिरायचा. शालूबाईंच्या मागच्या खोलीत कडाप्प्याची फरशी आहे आणि दुधाच्या किटल्या तिथं पाण्याच्या टाकीत ठेवतात. ती फरशी गावातली सगळ्यात गार जागा आहे, हे आम्हा कुणाला माहीत नव्हतं. सोन्यानं आठवड्याभरात शोधून काढलं. बोगनवेलीखाली माती उकरून, जाळीखालून अंग चपटं करून तो पलीकडं गेला आणि कडाप्प्यावर पोट टेकून, चारी पाय चार दिशांना टाकून झोपला.

मनुबाईंना कळलं तेव्हा त्या कुंपणापाशी आल्या. पलीकडं शालूबाई लसूण सोलत होत्या. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

"सोन्या, घरी चल," मनुबाई म्हणाल्या.

सोन्या उठला नाही. शालूबाई कुत्र्याकडं बघत म्हणाल्या, "लांडग्या, तुज्या मालकिनीला सांग, माजी काय हरकत न्हाई. फरशी काय झिजत न्हाई."

मनुबाई बोगनवेलीकडं बघत म्हणाल्या, "सोन्या, त्यांना सांग, तू दुधाच्या किटलीत त्वांड घातलंस तर मी जबाबदार न्हाई."

"लांडग्या, सांग त्यांना, किटल्यांना झाकनं हायती."

असं ते सुरू झालं. मनुबाई रोज भोक दगडानं बुजवायच्या, सोन्या रोज शेजारी दुसरं पाडायचा, आणि रोज दुपारी कुंपणापाशी दोघी कुत्र्याशी बोलायच्या. सुरुवातीला फरशीबद्दल. मग सोन्यानं सकाळी काय खाल्लं, त्याला ताक चालतं का. आठ-पंधरा दिवसांत विषय वाढले. "सोन्या, इचार त्यांना, लेकीची तब्येत बरी हाय का आता." "लांडग्या, सांग, बरी हाय. सातवा लागलाय." सोन्या बहुतेक वेळा झोपलेला असायचा.

वैशाखात एका दुपारी ऊन असं होतं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मनुबाई जेवून आडव्या झाल्या होत्या. सोन्या ओसरीच्या सावलीत बांधलेला. बांधावर मुंगूस दिसलं. सोन्यानं हिसका दिला, कडी निसटली, आणि तो उसाच्या खोडव्यात मुंगसामागं सुटला. मुंगूस बिळात गेलं असावं. सोन्या उन्हात किती पळाला कुणी पाहिलं नाही. शालूबाई पाणी टाकायला मागच्या दारी आल्या तेव्हा तो त्यांच्या अंगणात येत होता, दारू प्यालेल्या माणसासारखा. चार पावलं टाकली आणि पडला.

त्यांनी मला फोन केला तेव्हा मी एका गाईच्या अडलेल्या वासराशी झगडत होतो. फोन गाईच्या मालकानं माझ्या कानाला धरला.

"तोंडातनं फेस येतोय, जीभ लाललाल झालीया, धाप थांबंना."

"सावलीत घ्या," मी सांगितलं. "पोटावर, जांघेत, पायाच्या तळव्यांवर पाणी घाला. साधं पाणी, बर्फ नको. पंखा लावा. जबरदस्तीनं पाजू नका. मी येतो."

त्यांनी फोन ठेवला. पुढचं मला दादासोंनी सांगितलं. शालूबाई कुंपणापाशी धावल्या आणि जाळी दोन्ही हातांनी हलवत त्यांनी हाक मारली, "आक्का, पळत या. सोन्या पडलाय." त्यांनी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा सोन्या म्हटलं. मनुबाई फाटकापर्यंत गेल्याच नाहीत. बोगनवेलीच्या काट्यांतून, जाळीचा कोपरा वाकवून, अनवाणी पलीकडं गेल्या.

वासरू सुखरूप निघालं आणि मी तसाच ओल्या हातांनी निघालो. पोहोचलो तर कडाप्प्याच्या फरशीवर सोन्या आडवा, एका बाजूला मनुबाई, एका बाजूला शालूबाई. दोघींच्या हातात तांबे. दादासो टेबलफॅन धरून उभे, मानसिंगराव बादल्या भरून आणत होते. मनुबाईंच्या हातावर काट्यांचे ओरखडे होते. त्या खालच्या आवाजात, पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "ऊठ रं. ऊठ म्हनत्ये मी." त्या आवाजात हुकूम नव्हता.

मी ताप बघितला, फारच चढला होता. सलाईन लावलं. पाणी घालत राहा म्हणालो. ताप उतरायला लागला तसं पाणी थांबवलं, म्हणजे एकदम गार पडायला नको. मग वाट बघण्याखेरीज काही नव्हतं. मी भिंतीला टेकून बसलो. मनुबाईंनी सोन्याचा पुढचा पाय धरून ठेवला होता. उन्हं कलती झाली तेव्हा सोन्यानं डोकं उचललं, सगळ्यांकडं एकदा पाहिलं, आणि बसक्या आवाजात "ऊ-वू" केलं.

"व्हय," मनुबाई म्हणाल्या. "तुजंच खरं." आणि पदर तोंडाला लावून बसून राहिल्या.

शालूबाई उठल्या. "आक्का, च्या ठेवते."

"साखर कमी घाल," मनुबाई म्हणाल्या. "मला आता चालत न्हाई."

त्यानंतर त्या दोघींनी बासुंदीचा विषय काढल्याचं मी कधी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मानसिंगराव आणि दादासोंनी कुंपणातली जाळी तेवढ्या भागापुरती कापली आणि तिथं छोटं फाटक बसवलं. सोन्यानं फाटक बघितलं आणि शेजारी खड्डा उकरून पलीकडं गेला.

उरलेला उन्हाळा दोन्ही घरांनी मिळून काढला. फिरणं पहाटे आणि दिवस बुडाल्यावर. दुपारी कडाप्पा, ओलं पोतं आणि कूलर. कूलर मानसिंगरावांसाठी घेतलेला होता, तो आता सोन्याच्या तोंडावर असायचा आणि मानसिंगराव त्याच्या मागच्या बाजूला. कलिंगडाच्या बिया काढून फोडी, ताक पातळ करून. पाऊस लागल्यावर दुसरीच तऱ्हा. भिजला की आतली लोकर वाळेना, कानामागं खाज उठली. मी औषध दिलं आणि कोरडं ठेवा म्हणालो. शालूबाईंनी आपला केस वाळवायचा पंखा काढला, लेकीनं दिलेला, कधी न वापरलेला. सोन्या त्या गरम वाऱ्याशीही भांडत बोलायचा.

पण खरा प्रश्न राहिलाच होता. या जातीला काम लागतं. काम नसलं की ती स्वतःचं काम शोधते, आणि सोन्याला खड्डे सापडले होते. दसऱ्यानंतर हवा गार झाली तसं दादासोंनी सायकलच्या दोन चाकांवर हलकी गाडी केली, दोन लहान किटल्या बसतील एवढी. दोन्ही घरांचं सकाळचं दूध गावातल्या डेअरीवर न्यायचं. मी सोन्याचे सांधे तपासले, ओझं ठरवून दिलं, उन्हात अजिबात नाही म्हणून बजावलं.

पहिल्या दिवशी रिकाम्या किटल्या ठेवून बघितलं. मनुबाई "चल" म्हणायच्या आतच सोन्या निघाला. डेअरीपाशी थांबला नाही. खडखडाट करत गावातून एसटी स्टँडपर्यंत गेला, तिथं प्रवाशांशी ओळखी केल्या, आणि एक किटली वाटेत ओढ्यात गेली ती मिळालीच नाही. मनुबाई मागून चालत आल्या. स्टँडवर एकानं विचारलं, "मनुबाई, गाडी कुटं लागनार?" मनुबाई त्याच्या शेजारी बाकावर बसल्या आणि दम खाऊन म्हणाल्या, "ड्रायव्हरला इचार." मी त्यांना विनोद करताना पहिल्यांदाच ऐकलं.

पुढच्या महिन्याभरात जमलं. सोन्या शिकला असं मनुबाई म्हणतात. मला वाटतं, दोघांनी तडजोड केली. तो ओढतो, त्याच्या मनाच्या वेगानं, डेअरीपर्यंत. तिथं माप घालणारा ताकाचा घोट देतो, म्हणून थांबतो. दोरी मनुबाईंच्या हातात असते आणि गाडीला मागून शालूबाईंचा हात. दोघींना वाटतं, वळण आपणच घेतो.

विट्यात आता बातमी पसरली आहे. मोबाइलवर हस्कीची चित्रं बघून कुणी ना कुणी माझ्याकडं येतं, डॉक्टर, चांगलं पिल्लू बघून द्या म्हणतं. मी त्यांना मनुबाईंकडं पाठवतो. मागच्या महिन्यात एक बंगलेवाले गेले होते. मनुबाईंनी त्यांना ओसरीवर बसवलं.

"सकाळी कवा उठता?"

"आठला."

"घरात दिवसभर कोन असतं?"

"कोणी नाही. दोघं नोकरीला."

"बाग हाय?"

"हो, छान आहे. लॉन लावलंय."

"ऱ्हानार न्हाई," मनुबाई म्हणाल्या. "आन् राखनीला पायजे असंल, तर ह्यो चोराला बॅटरी धरंल. उन्हाळ्यात ह्येला कूलर लागतो, हिवाळ्यात तुमाला दम लागतो. बर्फातलं जनावर हितं आनायचंच कशाला? हे आमच्या लेकाला कळाया पायजे हुतं. आता आलाय तर संबाळतो आमी. तुमी जतकडच्या कारवानी कुत्र्याचं पिल्लू घ्या. हितल्या उन्हात वाढल्यालं आसतंय."

त्यांनी तसंच केलं. लशीला माझ्याकडं आणतात, काटक पिल्लू आहे.

यंदा शिवरात्र सरते न सरते तोच ऊन तापलं. परवा मी त्यांच्या गाईला टोचायला गेलो, तर सोन्यासाठी वाळूचा हौद करायचं चाललं होतं. उकरायला त्याची हक्काची जागा आणि दुपारी पाणी मारलं की गार. मनुबाईंचं म्हणणं, हौद लिंबाखाली. शालूबाईंचं म्हणणं, लिंबाखाली लिंबोळ्या पडतात, गोठ्यामागं सावली जास्त टिकते. दोघी तावातावानं बोलत होत्या, एकमेकींच्या तोंडाकडं बघून. मानसिंगराव आणि दादासो फावडी टेकून निकालाची वाट बघत उभे होते. मी गाईला टोचलं, चहा घेतला आणि निघालो, तोवर काही ठरलेलं नव्हतं.